रजा, राजी, रझाकार

चुडावा हे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं लहानसं स्टेशन. मोठ्या गाड्या इथे शिट्टी वाजवत निघून जातात, थांबते ती पॅसेंजर. परभणी–मुदखेड मार्ग दुहेरी होण्याआधीची ही गोष्ट. तेव्हा समोरच्या गाडीला वाट द्यायची म्हणून पॅसेंजर कुठेतरी अडकून पडायची, आणि फलाटावरच्या माणसांना शेजाऱ्याच्या हातातला कागद वाचायला, वर त्यावर बोलायलाही सवड मिळायची.

तसा एक कागद एका शिक्षकाच्या मांडीवर होता. खाली आधाराला हजेरीपट. वर ठसठशीत अक्षरात ‘किरकोळ रजेचा अर्ज’ लिहून त्याखाली रेघ ओढलेली. ‘महोदय’ लिहून झालं होतं, ‘कारण की’पाशी पेन अडलं होतं. शेजारी पांढऱ्या टोपीचा, धोतर नेसलेला एक म्हातारा बसला होता. त्याने बराच वेळ त्या अडलेल्या पेनाकडे पाहिलं.

‘काय लिवायलात गुर्जी?’

‘रजेचा अर्ज, बाबा.’

‘रजा!’ म्हाताऱ्याने तो शब्द तोंडात घोळवला. ‘आमच्या वक्ताला रजा कोनाला ठाव होती? आमाला रजाकार ठाव.’

आपल्याच कोटीवर तो असा मनापासून हसला की शिक्षकालाही पेनाला टोपण लावावं लागलं. बाकावर तिसरा एक जण होता. त्याला शब्दांचा नाद होता. वापरलेल्या तिकिटांच्या पाठीवर शब्द टिपून ठेवायचे आणि नंतर कोशात हुडकत बसायचं, इतका. त्याने ‘रजा–रजाकार’ असं तिकिटावर लिहून घेतलं, गंमत म्हणून. म्हाताऱ्याने केलेली कोटी मुळात कोटीच नव्हती, ते दोन शब्द खरोखरच एका आईचे होते, हे त्याला घरी पोचून कोश उघडल्यावर कळलं.

अरबीत एक धातू आहे, त्याचा गाभा खूश असणं, मान्य असणं, मनापासून होकार असणं हा. त्यातून रज़ा. फारसीने तो घेतला, त्याला ‘कार’ जोडला, आणि रज़ाकार झाला: आपल्या खुशीने, कुणी न सांगता, पगाराची अपेक्षा न ठेवता काम करणारा. म्हणजे स्वयंसेवक. शब्द म्हणून याच्याइतका सालस शब्द शोधून सापडायचा नाही. पुरात पोहून माणसं काढणारा रज़ाकार, जत्रेत पाणी वाटणारा रज़ाकार. उर्दूत आजही तो याच अर्थाने वापरला जातो.

मराठीत या घराण्याची आणखी बरीच मंडळी नांदतात. रजा म्हणजे आधी परवानगी. मग जाण्याची परवानगी. मग नुसतंच कामावर नसणं. परवानगीचा भाग मराठीने हळूहळू झिजवला आणि गैरहजेरी तेवढी ठेवली. राजी तीच, राजीखुशी तीच, आणि ‘ना’ लागून नाराज झाली ती पण तीच. राजीनाम्याची तर वेगळीच कथा. उर्दूत राज़ीनामा म्हणजे तडजोडीचा, समेटाचा कागद. मराठी मुलखात तो महसुलाच्या दफ्तरातून आला. जमीन सोडणाऱ्या कुळाने ‘मी आपल्या राजीने सोडतो’ असं लिहून द्यायचं, तो राजीनामा. घेणाऱ्याने लिहून द्यायची ती कबुलायत. जमीन गेली, खुर्ची आली, शब्द तोच राहिला. राजीनामा देणारा माणूस बहुतेक वेळा नाराज असतो, ही गोष्ट शब्दाच्या आड कधी आली नाही.

एक बारीकशी गंमत लिपीत आहे. उर्दूत रजा आणि रझाकार ही दोन्ही एकाच अक्षराने लिहितात. अरब त्याला दाद म्हणतात आणि आपल्या भाषेला अभिमानाने ‘दादची भाषा’. इराण ओलांडून इकडे येताना त्या अक्षराचा उच्चार ज़कडे झुकला. मराठीने मात्र रजेला ज दिला आणि रझाकाराला झ. सख्ख्या भावंडांना दोन वेगळ्या घरी दत्तक द्यावं आणि पुढे त्यांनी एकमेकांना ओळखू नये, तसं झालं. पाठ्यपुस्तकात, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत झ. म्हाताऱ्याच्या तोंडी मात्र दोन्हीकडे एकच ज होता. त्याच्याकडे ती अजून एकत्र होती.

मराठवाड्यात रझाकार हा नुसता इतिहासातला माणूस नाही. ‘रझाकारी’ हे तिथलं भाववाचक नाम आहे. थोरला धाकट्याच्या हातचा आंबा हिसकावून घेतो तेव्हा ओसरीवरून आजी ओरडते, ‘काय रजाकारी लावलीस रे?’ वसुलीला आलेला माणूस दारातली म्हैस सोडून न्यायला निघाला की चार जण म्हणतात, ही तर रझाकारी झाली. शेजारच्या मुलखात याच जागी मोगलाई वापरतात. निजामाच्या राज्यालाच पश्चिम महाराष्ट्रात मोगलाई म्हणत, आणि ‘मोगलाई आहे का इथे?’ या प्रश्नात अंदाधुंदी असते, बेपर्वाई असते. रझाकारीत त्याहून जवळचं काही असतं. मोगलाई दुरून दिसते. रझाकारी दाराची कडी वाजवते.

शिवाय रझाकारी हे एक पंचांगही आहे. जुन्या माणसांचा जन्म कोणत्या साली, हे विचारावं तर शाळेच्या दाखल्यावर हटकून १ जून असतो, गुरुजींनी आपल्या सोयीने टाकलेला. खरा जन्म ‘रजाकारीच्या आदल्या साली’, ‘रजाकारीत’, नाहीतर ‘पोलीस ॲक्शन झाल्यावर पयल्या पाडव्याला’ असा सांगितला जातो. भूकंप, पटकी, दुष्काळ यांच्यावरून काळ मोजायची रीत सगळीकडे आहे. माणसांच्या एका संघटनेवरून मोजायची पाळी क्वचित येते.

ती संघटना हैदराबाद संस्थानात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची. पक्ष १९२७चा; बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाच्या काळात, १९३८च्या सुमारास, त्याचं स्वयंसेवक दल उभं राहिलं. त्याला स्वयंसेवक दलाचं नाव दिलं गेलं यात काही वावगं नव्हतं. तो काळच गणवेशांचा आणि कवायतींचा होता, प्रत्येक पक्षाला आपापले स्वयंसेवक हवे होते. १९४४ साली बहादूर यार जंग वारले. १९४६मध्ये पक्षाची सूत्रं लातूरच्या एका वकिलाकडे आली. त्याचं नाव कासीम रझवी. पुढच्या दोन वर्षांत स्वयंसेवक या शब्दाचं जे झालं ते झालं.

इथे त्या तिसऱ्या माणसाला कोशात आणखी एक धागा सापडला आणि तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. रझवी हे आडनावही त्याच मुळावरचं. शिया परंपरेतले आठवे इमाम अली रज़ा. त्यांच्या वंशातले म्हणवणारे ते रझवी. म्हणजे रझाकारांचा सरदार रझवी, आणि दोघांच्याही नावात तोच होकार, तीच संतुष्टता. कादंबरीकाराने अशी नावं जुळवली असती तर संपादकाने खोडली असती.

ऑक्टोबर १९४६मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे मारले गेले. (कोल्हापूरचे गोविंद पानसरे वेगळे, नावांच्या अशा पुनरावृत्तीला काय म्हणावं कळत नाही.) हैदराबाद मुक्तिसंग्रामातले ते पहिल्या हुतात्म्यांपैकी. ऑगस्ट १९४७मध्ये देश स्वतंत्र झाला, पण संस्थान बाहेर राहिलं. २९ नोव्हेंबर १९४७ला ‘जैसे थे’ करार झाला आणि गावोगावी काहीच जैसे थे राहिलं नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. उमरखेड, वाशिम अशा सीमेपलीकडच्या गावांत छावण्या उभ्या राहिल्या. ३० जानेवारी १९४८ला उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मे महिन्यात बिदरकडच्या गोरट्यात कत्तल झाली. २२ मेला गंगापूर स्टेशनात मुंबईच्या मेलगाडीवर हल्ला झाला. चुडाव्याचं नाव या मोठ्या यादीत कुठे येत नाही. पण चुडाव्यावरून जाणारी लाइनही निजामाच्याच काळातली, मनमाड ते सिकंदराबाद, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकलेली मीटरगेज. गाडीने धान्य यायचं, पाहुणे यायचे, बातम्या यायच्या. त्या वर्षी गाडी थांबली की गाव आधी दाराआड व्हायचं आणि मग कोण उतरलं ते बघायचं.

म्हातारा तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल. त्याने शिक्षकाला जे सांगितलं त्यात एकही मोठं नाव नव्हतं. ज्वारी होती. भादव्यातली, माणसाच्या डोक्यावर गेलेली हायब्रीडपूर्व ज्वारी, तिच्यात घरातल्या बाया-पोरं रात्रीच्या रात्री बसून काढायची. पायाला चिखल, अंगाला पानांचे काप. चांदीचे गोट आणि पाटल्या चुलीच्या खाली पुरलेल्या. ‘आन् पोरगं रडलं की माय म्हनायची, गप, रजाकार येतोय.’ इतकं सांगून तो थांबला. ‘मंग?’ शिक्षकाने विचारलं. ‘मंग काय, गप व्हायचो.’ रझाकार कधी आला का, ते त्याने सांगितलं नाही, आणि ज्याला शब्दांचा नाद होता त्याला विचारायचं धाडस झालं नाही. न आलेला माणूसही एखाद्या शब्दाला पुरेसा असतो.

क्रौर्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. त्यांची कुळं मात्र विचित्र आहेत. खुद्द ‘क्रूर’ घ्या. आज आपण तो वार करणाऱ्याला लावतो. जुन्या संस्कृतात, ब्राह्मणग्रंथांच्या काळात, क्रूर म्हणजे जखमी, सोललेलं, रक्ताळलेलं. नाम म्हणून वापरलं तर जखम, व्रण. क्रव्य म्हणजे कच्चं मांस, ते खाणारा तो क्रव्याद, हे त्याचे जवळचे नातलग. लॅटिनमध्ये सांडलेल्या रक्ताला क्रुओर म्हणत, तेही लांबचं भावंड. इंग्रजी क्रूएल त्या लॅटिन घराण्यातून आलं. म्हणजे हा शब्द आधी ज्याला लागलं त्याच्या अंगावर होता. मग कधीतरी, कुणाच्या लक्षात येण्याआधी, तो जखमेवरून उठला आणि जखम करणाऱ्याच्या अंगावर जाऊन बसला. आता तर पत्रिकेतले शनी-मंगळ क्रूर असतात आणि त्यांना कुठेही खरचटलेलं नसतं. कृष्णाला मथुरेला नेणाऱ्याचं नाव अक्रूर. गोकुळातल्या बायकांना त्या दिवशी ते नाव कसं वाटलं असेल, हा प्रश्न कीर्तनकारांनी फार जुना करून ठेवला आहे.

‘हाल’चं उलट आहे. अरबीत हाल म्हणजे फक्त स्थिती, चालू अवस्था. हिंदी माणूस भेटला की सहज विचारतो, काय हाल आहेत. बरेही असू शकतात. मराठीत हाल बरे असूच शकत नाहीत. हाल होतात, हाल करतात, हालहाल करून मारतात. गंमत अशी की आपलं ‘हल्ली’ही त्याच स्थितीतून आलं, आणि निजामाच्या राज्यात चालणारं नाणं ते हाली सिक्का, म्हणजे चालू नाणं, इंग्रजी रुपया तो कलदार. ज्या बाजारात हाली आणि कलदार यांचा हिशेब चाले त्याच बाजारात लोकांचे हाल झाले, पण तेव्हा कुणाला शब्दव्युत्पत्तीची चैन नव्हती. छळ हा संस्कृतात कपट होता, फसवणूक. मराठीत येता येता तो उघडावाघडा झाला, त्यातली लपवाछपवी गेली आणि दुखणं तेवढं राहिलं. त्रास म्हणजे मुळात भीती. मराठीचा या बाबतीत एक स्वभाव दिसतो. बाहेरून कोणताही शब्द येवो, सोज्ज्वळ वा तटस्थ, ती त्याला सोसणाऱ्याच्या बाजूने वाचते.

रझाकाराला तिने तसंच वाचलं. कोशात ‘आपल्या खुशीने काम करणारा’ असं लिहिलेलं असतं. मराठवाड्याने त्यातली ‘खुशी’ तेवढी घट्ट धरली. हुकुमाचा ताबेदार म्हणून हात उचलणारा शिपाई एक वेळ समजतो. त्याचं पोट असतं, वरिष्ठ असतो. कुणी न सांगता, पगाराशिवाय, राजीखुशीने आलेला माणूस दारात उभा राहतो तेव्हा गयावया कुणाजवळ करायची? या अंगाने पाहिलं तर शब्दाचा अर्थ बिघडला असं म्हणवत नाही. तो मुळाबरहुकूम वापरला गेला, एवढंच.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे मूळ खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. रझाकारांचं दल उभं राहत होतं तेव्हा कोश संपत आला होता, त्यामुळे मराठवाड्याने पुढे दिलेला अर्थ त्यात असणं शक्यच नव्हतं. भाषेचा एवढा मोठा ताळेबंद पुरा व्हावा आणि दुसऱ्या दिवशी खातं नव्याने उघडावं लागावं, तसं काहीसं.

पण हा शब्द सरळ एका रेषेत मावत नाही, आणि इथे सावकाश चालायला हवं. हैदराबादमध्ये ‘इमरोझ’ नावाचं उर्दू वृत्तपत्र होतं. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या विरोधात, संस्थान भारतात विलीन व्हावं या बाजूने लिहीत. २१ ऑगस्ट १९४८च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा लिहिता हात तोडला गेला, आणि ते गेले. ज्या भाषेत रज़ाकार म्हणजे स्वयंसेवक, त्याच भाषेत ते रझाकारीविरुद्ध लिहीत होते. त्या शब्दाचा नवा अर्थ त्यांच्याइतका स्पष्ट कुणालाच कळला नसेल.

त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी त्यांचे सेनापती. लष्कराने मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ म्हटलं, सरकारने ‘पोलीस कारवाई’. रणगाडे गेले, विमानं गेली, नाव मात्र पोलिसांचं. गावाकडे त्याचं ‘पोलीस ॲक्शन’ झालं आणि तेच टिकलं. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान शरण आला. रझवीला अटक झाली, खटले चालले, तुरुंगवास झाला. १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत वारला. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. झेंडावंदन होतं, सुटी असते.

त्या सप्टेंबरनंतरचे आठवडे भाषणांत फारसे येत नाहीत. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या पथकाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये संस्थानात दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. मेलेले मुख्यतः मुसलमान. त्यांतले रझाकार किती आणि आपापल्या गावचे अत्तार, विणकर, शेतमजूर किती, हे विचारायला कुणी थांबलं नव्हतं. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. रझाकार हा शब्द आता उलट्या बाजूने काम करू लागला होता. आधी तो ऐकून माणसं ज्वारीत शिरत. आता तो एखाद्याकडे बोट करून उच्चारला की त्याला ज्वारीत शिरावं लागे. जखमेवरून उठून जखम करणाऱ्याच्या अंगावर बसलेला शब्द तिथून आणखी कुठे जाऊन बसेल, याचा नेम नाही.

म्हातारा म्हणाला होता, ‘आमच्या गल्लीत एक शिंपीकाका व्हते. मुसलमानच. त्या वक्ताला त्यांनी आमची चांदी ठिवून घेतली व्हती. पुन्ना त्यांची पेटी आमच्याकडं आली.’ पेटीत काय होतं, हे त्याने सांगितलं नाही.

शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला त्यानंतर रझाकार जिथे तिथे भेटू लागला. पाकिस्तानात तो आजही नागरी संरक्षण दलातला साधा स्वयंसेवक आहे. भूकंपात ढिगारे उपसतो, रक्तदानाचे तंबू ठोकतो. बांगलादेशात तोच शब्द तोंडातून थुंकावा तसा बाहेर येतो. १९७१च्या मे महिन्यात खुलन्यात रझाकारांची पहिली तुकडी उभी राहिली, पाकिस्तानी लष्कराला मदत करण्यासाठी. पुढे वटहुकूम निघून तिला सरकारी रूप मिळालं. तेव्हापासून बंगालीत राजाकार म्हणजे घरभेदी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हुमायून अहमद यांची एक मालिका बांगलादेशच्या दूरचित्रवाणीवर लागे. ज्या काळात तो शब्द पडद्यावर माणसाच्या तोंडी येणं अवघड होतं, त्या काळात त्यांनी तो पढवलेल्या पोपटाच्या तोंडी घातला. ‘तू राजाकार’ असं पोपट म्हणे, आणि देशभर लोक टाळ्या वाजवत. मालिकेचं नाव ‘बहुव्रीहि’. मराठी शाळेत समास घोकलेल्या माणसाला इथे हसू येणारच: ज्यात दोन्ही पदांपेक्षा तिसऱ्याच कुणाचा बोध होतो तो बहुव्रीहि. रज़ा नाही, कार नाही, तिसराच कुणीतरी.

जुलै २०२४मध्ये तो शब्द पुन्हा उलटला. नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून ढाक्यात विद्यार्थ्यांचं आंदोलन चालू होतं. १४ जुलैला पंतप्रधान शेख हसीना यांनी पत्रकार परिषदेत विचारलं, स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना नाही तर मग काय राजाकारांच्या नातवंडांना द्यायचं? त्याच रात्री विद्यापीठातली मुलं, मुली रस्त्यावर येऊन ओरडू लागली: तू कोण, मी कोण, राजाकार, राजाकार. शिवी उपरोधाने अंगावर ओढून घेतली. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. या सगळ्या उलथापालथीचा हिशेब एका शब्दावर मांडणं वेडेपणाचं होईल. पण तो त्या रात्री रस्त्यावर होता, एवढं खरं.

आणि बंगालचा विषय निघाला की मराठी माणसाला जरा अवघडून बसावं लागतं. बारगीर हा आपल्याकडे मानाचा नसला तरी अब्रूदार शब्द. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारातून घोडा मिळालेला तो बारगीर. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. फारसीत बार म्हणजे ओझं आणि गीर म्हणजे घेणारा. यात कुठे रक्ताचा थेंब नाही. हा बारगीर नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेत भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४०च्या दशकात बंगालात उतरला. चौथाईसाठी गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. १७४२मध्ये कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या धाकाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. १७४४मध्ये अलीवर्दी खानाने भास्कररामांना बोलण्यांच्या मिषाने मनकऱ्याला बोलावून मारलं. १७५१च्या तहाने ओरिसा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई ठरली, तेव्हा कुठे स्वाऱ्या थांबल्या. त्या काळावर गंगारामाने बंगालीत काव्य लिहिलं. त्याचं नाव ‘महाराष्ट्र पुराण’. नाव वाचून कौतुकाने उघडावं आणि दोन पानांत मिटावं, असं ते आहे.

बारगिराचा तिकडे बर्गी झाला. बंगाली आया पोरांना झोपवताना अजून बर्गीचं नाव घेतात. अंगाईत आहे तो. पोराला तो कोण हे ठाऊक नसतं, बहुतेकदा आईलाही. घोड्यावरून पाहिलं तर बारगीर, अंगणातून पाहिलं तर बर्गी. चुडाव्याच्या शेतात, ज्वारीच्या पानांआड, एक आई पोराला रजाकाराच्या नावाने गप करत होती. त्याच्या दोनशे वर्षं आधी आणि शेकडो कोस पूर्वेला दुसरी एक आई आपल्यातल्याच कुणाच्या नावाने. तिकिटाच्या पाठीवर आता जागा उरली नव्हती. त्याने ‘बर्गी’ कडेला आडवं लिहिलं.

गाडी अखेर आली. उसाच्या शेतांवरून वारा आला, कुणीतरी पिशव्या उचलल्या, दूधवाल्याचे कॅन वाजले. म्हातारा नांदेडकडे निघालेला, शिक्षक पूर्णेकडच्या गाडीची वाट बघत तसाच बसलेला. म्हाताऱ्याने काठी सावरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि वळून म्हणाला,

‘बरंय गुर्जी. रजा द्या.’

‘मंजूर!’ शिक्षक म्हणाला. दोघंही हसले. कुणीतरी आतून हात दिला आणि म्हातारा डब्यात गेला.

गाडी लिंबगावच्या दिशेने निघाली. शिक्षकाने टोपण काढलं, अर्ज पुन्हा मांडीवर घेतला. ‘कारण की’च्या पुढची ओळ अजून कोरीच होती.